सवणं बुजवलेलं घर

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. सरांना दमा होता. आम्हा मुलांना त्यातलं एवढंच कळायचं की सर वर्गात आले की हजेरी नंतर, आधी खिडक्या. कोपऱ्यात एक लांब काठी उभी असायची, टोकाला वाकवलेला खिळा. त्या काठीनं ते भिंतीच्या वरच्या अंगाच्या झडपा ओढून उघडायचे. मग फळ्याकडे वळायचे. कोरडं डस्टर त्यांनी कधी वापरू दिलं नाही. फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, आणि ते फडकं पिळून आणायचं काम पाळीपाळीनं आमच्याकडे यायचं. माघात वारं झोंबायला लागलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच खिडकी ओढून घ्यायचं. सर पाठमोरे असूनही त्यांना ते कळायचं. कानानं नव्हे, छातीनं.

अध्यक्ष महोदय, सरांचे कुटुंबीय आणि उमरग्याच्या मित्रहो, संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं : इमारतीतली हवा आणि ॲलर्जीची माणसं. त्यांना जरा आश्चर्य वाटलं. या तालुक्यात बांधकामाचा इंजिनिअर बोलायला उभा राहिला की तो भूकंपावर बोलणार असं लोक धरून चालतात, आणि त्यात काही वावगं नाही. मीही तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण आज आपण ज्या घरांत श्वास घेतो ती घरं त्या पहाटेनं ठरवलेली आहेत.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. उद्ध्वस्त झालेलं किल्लारी तिकडे औसा तालुक्यात, पण तसंच उद्ध्वस्त झालेलं सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात होतं. लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. धक्क्यानं माणूस मरत नाही, घरानं मरतो, हे आम्ही इंजिनिअर लोक सांगतो तेव्हा ते पुस्तकी वाटतं. इथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, लाकडी खणांचं माळवद, आणि त्यावर मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली, लेकानं टाकली. तीन पिढ्यांचं ओझं एका पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं.

मग पुनर्वसन आलं. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशेबानं कुणाला 250 चौरस फूट, कुणाला 400, कुणाला 750 चौरस फुटांचं घर मिळालं. शिवाय शेकडो गावांत जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीची कामं झाली. तशी घरं दोन लाखांच्या आसपास. गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. त्या सिमेंटची पोती मोजायच्या, पट्टा कुठं घालायचा ते गवंड्याला दाखवायच्या. मी तेव्हा नुकता डिप्लोमा होऊन साइटवर उभा होतो. आमच्यापुढं एकच प्रश्न होता : पुन्हा हललं तर हे पडेल का? त्या वेळी दुसरा प्रश्न विचारणं पापच वाटलं असतं. आणि मी आजही म्हणतो की तो प्रश्न बरोबर होता, त्याचं उत्तरही आम्ही मनापासून शोधलं. पण तो एकच प्रश्न धरून आम्ही पुढची तीस वर्षं बांधत राहिलो. भूकंपाचं घर असो, घरकुल असो, की पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलानं गावात बांधलेला बंगला असो, आम्ही लोखंड मोजलं, सिमेंट मोजलं, कॉलम मोजले. आतली हवा कोणी मोजली नाही. मीही नाही.

जुनं घर फार चांगलं होतं असं सांगायला मी इथं आलेलो नाही. त्याची भलावण करणाऱ्यांनी त्यात स्वयंपाक करून पाहावा. खिडकी म्हणावी अशी नाही, चूल आत, कडबा-तुराट्यांचा जाळ, आणि बाईच्या डोळ्यांत बारा महिने पाणी. अमेरिकेचे कर्क स्मिथ गुजरातमधल्या खेड्यांत येऊन चुलीपुढं बसणाऱ्या बायकांच्या नाकापाशी किती धूर असतो हे मोजून गेले, आणि 1983 साली त्यांनी ते छापलं. तोपर्यंत हवेचं प्रदूषण म्हणजे कारखान्याचं धुराडं, अशीच जगाची समजूत होती. स्वयंपाकघरातला धूर हा बाईच्या नशिबाचा भाग, रोगाचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 साली घरातल्या धुरामुळं जगात 32 लाख माणसं मेली. आपल्याकडे 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर गेले. पण अंघोळीचं पाणी तापवायला, आणि सिलिंडर परवडेनासा झाला की भाकरीलाही, चूल अजून पेटते.

तरी त्या काळोख्या माळवदात एक गोष्ट होती. सवणं. नव्या मुलांना हा शब्द माहीत नसेल : छताला ठेवलेलं भोक, त्यातून उजेडाची तिरीप खाली यायची आणि धूर वर जायचा. पावसात त्यावर झाकण टाकायचं, उघडीप झाली की काढायचं. घरातली गरम, खराब झालेली हवा वर चढते आणि तिला वरून वाट लागते, हे त्या गवंड्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही स्लॅब टाकला आणि सवणं बुजलं. स्लॅबला तसं भोक सहसा ठेवत नाहीत हे खरं. पण भिंतीच्या वरच्या अंगाला झडप ठेवता येते, सरांच्या वर्गात होती तशी. ती आमच्या नकाशातून हळूहळू गेली. छत खाली आलं, झडपांच्या जागी बंद काच आली.

आता माझ्या अक्काची गोष्ट सांगतो. तिची परवानगी घेऊन सांगतो आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिला लग्नाआधीपासून शिंका. सकाळी उठली की वीस-पंचवीस शिंका, नाक गळणं, डोळे चोळून लाल. घरात म्हणायचे, हिला गार सोसत नाही. सासरी गेल्यावर त्याचं नाव बदललं. झाडलोट करताना धाप लागते म्हणजे सुनेला काम नको, असं झालं. हे इथं बसलेल्या किती बायांनी ऐकलं असेल! ॲलर्जीच्या माणसाच्या वाट्याला आजाराआधी संशय येतो. पाय मोडला तर दिसतो. श्वासाची नळी आकसली तर दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई ठणठणीत असते, म्हणजे कालचं सोंग होतं.

पुढं छातीतून शिट्टी वाजायला लागली. पहाटे तीन-चारला उठून बसायची, उशी मांडीवर घेऊन. दरवर्षी मृग नक्षत्र लागलं की आपल्या भागातून माणसं हैदराबादला जातात, दम्याचं औषध घातलेला जिवंत मासा गिळायला. अक्का माळकरी, तिनं गुळातून घेतलं. तिच्या त्या प्रवासाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ज्यानं रात्र-रात्र बसून काढली आहे तो कुठंही जाईल. डॉक्टरांनी पंप दिला तर तो लुगड्यांच्या घडीत लपलेला. पंपाची सवय लागते, शेवटचं औषध असतं ते, असं शेजारणीनं सांगितलेलं. हे मी मोठ्यानं सांगतो : पंपाची सवय लागत नाही. उलट तो न घेतल्यानं माणसं जातात. 2019 सालच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजात जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण 13 टक्के आपल्या देशात होते, आणि दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतरात लुगड्यांच्या घडीत ठेवलेले पंपही आहेत.

शेवटी आम्ही तिला सोलापूरला छातीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, फुंकर मारायला लावली, औषध लिहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "ताई, रात्री झोपता कुठं?"

अक्कानं सांगितलं ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. आणि तिच्या त्या घरी मी शंभरदा जेवलो होतो. 250 चौरस फुटांचं मूळ घर, पुढं नंतर वाढवलेली पत्र्याची पडवी. त्या पडवीमुळं मूळची खिडकी बाहेर उघडण्याऐवजी पडवीत उघडायला लागली. म्हणजे खिडकी राहिली, वारं गेलं. मागच्या खिडकीत कूलर. कोपऱ्यात स्लॅब गळतो, तिथं भिंतीला पोपडे आणि काळपट डाग. आणि पलंगाच्या उशाला, थेट भिंतीला लावून, सोयाबीनची चौदा पोती. भाव चढेल म्हणून दिवाळीपासून थांबवलेली.

ॲलर्जी हा शब्द 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञांनी घडवला. आपल्या भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून 'वावडं' आहे. अमक्याला वांग्याचं वावडं, तमकीला शेंगदाण्याचं. वावडं म्हणजे जे दुसऱ्याला चालतं ते मला चालत नाही. शरीरात होतं ते असं : धुळीतला एखादा निरुपद्रवी कण, परागकण म्हणा, बुरशीचं बीज म्हणा, शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्यासाठी खास प्रतिद्रव्य तयार करून ठेवतं. 1966-67 मध्ये इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत आणि योहानसन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये ते शोधलं. त्याला आयजीई म्हणतात. पुन्हा तोच कण आला की नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशी फुटल्यासारख्या होतात, हिस्टामिन सांडतं, सूज येते, पाणी सुटतं, नळी आकसते. नाक आणि फुप्फुस या दोन वेगळ्या खोल्या नाहीत, एकच लांब पडवी आहे. एका टोकाला लागलेली आग दुसऱ्या टोकाला पोचते. म्हणून शिंका म्हणजे किरकोळ, असं समजू नये.

आणि हे कण सर्वांत जास्त कुठं असतात? रस्त्यावर नव्हे. गादीत.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोर्होर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी 1964 मध्ये दाखवून दिलं की घरातल्या धुळीचं वावडं हे मुख्यतः धुळीचं नसून तिच्यात राहणाऱ्या एका जीवाचं आहे. डस्ट माइट. आठ पायांचा, कोळ्याच्या वंशातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा. तो चावत नाही, दिसत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. त्याची विष्ठा वाळून तिची पूड होते आणि कूस बदलली, वाकळ झटकली की ती उडून नाकात जाते. या जीवाला पाणी पिता येत नाही, तो हवेतला ओलावा शोषून घेतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली आणि तशीच राहिली की तो सुकून मरतो.

आता आपल्या मुलखाचा विचार करा. मराठवाड्याचा उन्हाळा! चैत्र-वैशाखात इथली हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. निसर्गानं दरवर्षी दोन-अडीच महिने या जीवाचा फुकट बंदोबस्त करून ठेवलेला आहे. आणि आपण नेमक्या त्याच महिन्यांत काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो आणि कूलर चालू करतो. कूलर पाण्यानं हवा गार करतो, म्हणजे खोलीत ओलावा सोडतो. समोरची खिडकी उघडी असेल तर तो ओलावा बाहेर निघून जातो, हवा वाहती राहते, आणि खरं तर गारवाही तेव्हाच लागतो. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात अंग चिकचिकायला लागतं, अंथरूण दमट होतं. वैशाखात आपण घरात श्रावण आणतो. कूलरची गवताची टट्टी वर्षानुवर्षं बदललेली नसते, तिला हिरवट शेवाळ आणि बुरशी धरते, आणि पंखा ती बीजं सगळ्या खोलीत वाटतो. अक्काला पावसाळ्यात त्रास व्हायचा ते समजत होतं. मे महिन्यात का व्हायचा हे मला त्या दिवशी उमगलं.

भिंतीवरचे काळे डाग ही बुरशी. लोक त्यावर ऑइल पेंट मारतात. खालचे तीन-चार फूट ऑइल पेंट मारला की भिंत धुता येते, ही आपल्याकडची आवडती युक्ती. पण ओल बाहेरून आत येत असेल, जोत्यातून वर चढत असेल, लोणा लागला असेल, तर रंग म्हणजे जखमेवर चिकटवलेला कागद. महिना-दोन महिन्यांत पोपडा सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यात बुरशीचा अमुक आकडा चालेल, तमुक चालणार नाही, असं काही दिलेलं नाही. म्हटलं आहे ते एवढंच की ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वासाचे विकार आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, आणि उपाय म्हणजे ओल थांबवणं. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून सरळ सूचना कोणती? गच्चीचा उतार नीट करणं, कोबा घालणं, पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून लांब सोडणं, जोत्याला डीपीसीचा थर न विसरता देणं. आम्ही याला वॉटरप्रूफिंग म्हणतो आणि पैसे वाचवायचे झाले की ते काम सर्वांत आधी कापतो. ते दम्याचं औषध आहे असं आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सोयाबीनकडे येतो, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या घरी ते आज पोत्यात आहे किंवा पुढच्या महिन्यात येईल. स्पेनमध्ये बार्सिलोना म्हणून बंदराचं शहर आहे. तिथं 1981 पासून एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. मधूनच एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांची रुग्णालयांत रीघ लागायची. श्वास अडकलेली माणसं काही तासांत येऊन पडायची, काही दगावायचीही. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. 1987 पर्यंत असे 26 दिवस मोजले गेले. धूर म्हणावा, तर तो रोजचाच. परागकण म्हणावेत, तर ऋतूचा मेळ नाही. तिथल्या संशोधकांनी, आंतो आणि सुन्येर ही त्यातली दोन नावं, रुग्ण कुठून आले ते नकाशावर मांडलं, तेव्हा ठिपके बंदराच्या बाजूला दाटलेले दिसले. मग बंदरात त्या-त्या दिवशी काय उतरलं याची खतावणी काढली. सोयाबीन. सोयाबीन उतरलं त्याच दिवशी, आणि वारं शहराकडे असेल तेव्हा. एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती, तिथून टरफलांची धूळ गावावर पसरत होती. गाळणी बसवली आणि ते दिवस थांबले. 1989 मध्ये ही सगळी हकीकत प्रसिद्ध झाली.

मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते, कारण त्या शहरानं रुग्णांना नाजूक म्हटलं नाही. एकेका माणसाला गोळ्या देत बसले नाहीत. कोठाराच्या माथ्यावर गाळणी बसवली.

त्या माणसांना वावडं होतं ते टरफलाच्या धुळीचं, आणि ती धूळ बंदरात जी, तीच आपल्या खळ्यात. मळणीयंत्र चालू असतं तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेला गडी पाहिला की वाटतं, यानं काळजी घेतली. रुमालातून ही धूळ आरपार जाते. कोरोनात आणलेले एन-95 मास्क असतील तर ते आता काढा, हीच त्यांची जागा. आणि पोती झोपायच्या खोलीत ठेवू नका. मला माहीत आहे, 250 चौरस फुटांच्या घरात ठेवायची कुठं, हा खरा प्रश्न आहे. भूकंपाच्या आधी आपल्या वाड्यांना बळद होतं, पेव होतं. धान्याची जागा वेगळी आणि माणसाची वेगळी. आम्ही नवी घरं आखली तेव्हा माणसं मोजली, पोती मोजली नाहीत. शेतकऱ्याच्या घराच्या नकाशात धान्याची खोली नाही, ही आमची चूक. पडवीत, पत्र्याच्या शेडात, जमिनीपासून फूटभर उंच लाकडी घोडीवर, ताडपत्रीखाली, कुठंही चालेल. पण उशाशी नको. त्याच ओघात आणखी एक सांगून ठेवतो. धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात त्या गोळ्या माणसं झोपतात त्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो वावडं असणाऱ्यालाही मारतो, नसणाऱ्यालाही.

तसंच डासांची कॉइल. बंद खोलीत उशाला कॉइल लावून लेकराला झोपवणारी आई मायेनंच ते करते. मलेशिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2003 मध्ये मोजलं तेव्हा एका कॉइलच्या जळण्यातून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी बांधा. आपल्या लहानपणी प्रत्येक बाजेला ती बांधलेली असायची.

खिडकीबद्दल मात्र मला सविस्तर बोललं पाहिजे, ती माझी जबाबदारी आहे. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये खोलीतली हवा चांगली की वाईट हे ठरवायची एक सोपी कसोटी दिली. माणसं श्वास सोडतात त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. खोलीत त्याचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत हजाराच्या वर गेलं की समजायचं, इथं ताजी हवा पुरेशी येत नाही. आज बाहेरच्या हवेतच ते 420 च्या पुढे गेलं आहे, तरी ही हजाराची रेघ दीडशे वर्षांनंतरही वापरात आहे. तो वायू त्या प्रमाणात विषारी नसतो. तो साचला म्हणजे त्याच्याबरोबर धूळ, बुरशी, वास, दुसऱ्याचा खोकला, सगळंच साचलेलं असतं.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण आणि कोरड्या प्रदेशासाठी सांगितलेलं आहे की खिडक्या-झरोक्यांचं उघडं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या निदान दहाव्या भागाइतकं असावं. दहा बाय बाराची खोली धरा : 120 चौरस फूट, म्हणजे 12 चौरस फुटांची खिडकी, तीन बाय चार. नकाशावर ती असतेच. पण आपण बसवतो ॲल्युमिनियमची स्लायडिंग. स्लायडिंग कधीच पूर्ण उघडत नाही. एक काच दुसरीवर सरकते, निम्मी जागा कायम बंद. बाराचे सहा झाले. त्यावर डासांची जाळी लावली की वारं आणखी अडतं. मग आतून कपाट येतं, कूलर येतो, पडवी येते. आणि एकाच भिंतीला खिडकी असली तर ती कितीही मोठी असो, हवा आत येऊन तिथंच घोटाळते. तिला समोरून निघायला वाट लागते. लाकडी दोन झडपांची खिडकी जुनाट दिसते म्हणून आपण काढली. ती पूर्ण उघडायची.

उमरग्यातली कितीतरी मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात. माझा भाचा गेला. अक्काचा मुलगा, म्हणजे आईचं नाक घेऊनच गेला. आम्ही फी पाहिली, निकाल पाहिले, मेसचं जेवण खाऊन पाहिलं. तो राहायचा त्या खोलीत कॉट किती आणि खिडकी कुठं उघडते, हे मी इंजिनिअर असून पाहिलं नाही. चार कॉट, एक खिडकी, ती शेजारच्या भिंतीला भिडलेली, ओले कपडे आत दोरीवर. क्लासमध्ये एसी. पुष्कळांना वाटतं एसी बाहेरची स्वच्छ हवा आत आणतो. घरात किंवा क्लासमध्ये बसवतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा मुळीच आणत नाही. आतलीच हवा ओढून गार करून परत सोडतो. दीडशे मुलं तीन तास एकमेकांचा श्वास घेत असतात. दुपारी मुलं पेंगतात तेव्हा शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. भाच्याची पहिली चाचणी खोकल्यात गेली. मुलाला ठेवायला जाल तेव्हा निकालांचा फलक पाहून झाला की वर्गाची खिडकी उघडते का, तेही पाहा.

आता घटस्थापना जवळ आली. दसऱ्याचं धुणं निघेल. आपल्या बायकांनी हा केवढा मोठा आरोग्याचा कार्यक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे, याची कुणी नोंद घेतली नाही. पावसाळाभर दमट झालेल्या वाकळा, गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं नदीवर, विहिरीवर, आता बोअरच्या हौदावर नेऊन धुवायचं आणि आश्विनाच्या कडक उन्हात दगडांवर पसरायचं. घरातले माइट आणि बुरशी पावसाळ्याअखेर सर्वांत जास्त झालेले असतात, आणि बरोबर त्याच वेळी हे धुणं. पिंजारी दारावर यायचा, गादी फोडून कापूस पिंजून ऊन दाखवून पुन्हा भरायचा. आता फोमची गादी आली, ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट वापरतात, तिला ऊन माहीत नाही. धुणं जपा. गादी महिन्यातून एकदा तरी गच्चीवर टाका. फक्त एक बदल करा : जळमटं काढणं, वाकळा झटकणं हे काम घरात ज्या बाईला शिंका आहेत तिच्याकडे देऊ नका. ते पुरुषांनी करावं. आणि रोजचा केर कोरड्या झाडूनं उडवण्याऐवजी ओल्या फडक्यानं टिपावा. झाडूनं जाडी धूळ दाराबाहेर जाते, बारीक धूळ मात्र तास-तास हवेत तरंगते आणि पुन्हा गादीवरच बसते.

अक्काचं काय झालं ते सांगतो. पंप ती रोज घेते. तो बंद झालेला नाही आणि करायचाही नाही. पोती शेडात गेली. गच्चीला कोबा घातला, त्या कोपऱ्याचा गिलावा उकरून भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू दिली आणि मगच रंग दिला. पडवीच्या पत्र्याखाली, भिंतीच्या वरच्या अंगाला, मी दोन झडपा फोडल्या, समोरासमोर. कूलर राहिला, पण टट्टी दरवर्षी नवी आणि समोरची खिडकी उघडी. पहाटेचं उठून बसणं अजून होतं, श्रावणात एखाद-दुसऱ्या रात्री. आधी ते रोजचं होतं. सासूबाई आता शेजारणींना सांगतात की आमच्या सुनेला धुळीचं वावडं आहे. कामाचं वावडं, असं आता त्या म्हणत नाहीत.

सरांच्या शाळेच्या नव्या इमारतीत मी काल जाऊन आलो. मुख्याध्यापकांनी आपुलकीनं सगळे वर्ग दाखवले. वरच्या झडपा नाहीत. बाराही वर्गांत त्या करून द्यायचं मी त्यांच्याजवळ कबूल केलं आहे, दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू होईल. गवंडी माझा, जाळ्या माझ्या. उद्या सकाळी नऊपासून मी इथंच, याच सभागृहाच्या पडवीत बसणार आहे. ज्यांच्या घरी शिंकांचं, धापेचं माणूस आहे त्यांनी यावं. घराचा नकाशा आणायची गरज नाही. ते माणूस रात्री झोपतं कुठं, त्या खोलीला खिडकी किती, आणि त्या खिडकीपुढं काय ठेवलेलं आहे, एवढं पाहून या.